एक तारखेचं कुलूप

त्या दिवशी सर्व्हर क्षणभरही बंद पडला नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण त्या दिवशी ही गोष्ट कोणालाच पटली नसती, आणि सर्व्हर ज्याच्या जिवावर चालत होता त्या जावयाला तर मुळीच नाही.

सकाळी जावई जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसला होता आणि समोरच्या खुर्चीत सासरे बसले होते. सासऱ्यांची उमेदीची सगळी वर्षं तुरुंगात गेली होती, पगार घेऊन. ते तुरुंगाधिकारी म्हणून निवृत्त झाले होते आणि शेजारीपाजारी, नातेवाईक, रागाच्या भरात त्यांची स्वतःची मुलगीसुद्धा त्यांना जेलरसाहेब म्हणायची. त्यांच्या कारकिर्दीत एकही कैदी पळाला नव्हता. याचं रहस्य ते विचारलं नाही तरी सांगत. "कुलूप नुसतं चांगलं असून भागत नाही. ते बदलावं लागतं." दर महिन्याच्या एक तारखेला ते तुरुंगातली कुलपं बदलून घेत. निवृत्तीनंतर तुरुंग सुटला, एक तारीख सुटली नाही. मुलीकडे राहायला आल्यावर पहिल्याच एक तारखेला त्यांनी घराचं कुलूप बदललं, नवी किल्ली खिशात घातली आणि फिरायला गेले. मुलगी आणि जावई ते परत येईपर्यंत जिन्यात बसून होते.

म्हणून आज कामावर निघताना बायकोने दारात चपला चढवता चढवता खालच्या आवाजात विचारलं होतं, "आज एक तारीख आहे. लक्षात आहे ना?"

"स्क्रूड्रायव्हर लपवलाय."

"पक्कड?"

"पक्कड पण."

"बाबांना एकटं सोडू नकोस. कुठे गेलास तर बरोबर घेऊन जा. आणि हे बघ, त्यांच्याशी वाद घालू नकोस."

"मी कधी वाद घालतो?"

"तोंडाने नाही घालत. चेहऱ्याने घालतोस."

चेहऱ्याने वाद घालायला कारणही तसंच होतं. जेलरसाहेबांच्या मते जावयाला नोकरीच नव्हती. कुठल्याशा लांबच्या इमारतीत ठेवलेला, जावयाने जन्मात न पाहिलेला एक संगणक त्याने भाड्याने घेतला होता. त्याचं नाव सर्व्हर. त्यावर शहरातल्या काही लहानसहान मंडळींच्या वेबसाइट आणि मेल राहत असत: एक दाताचे डॉक्टर, शेजारच्या शिंपीकाकू, एक बालवाडी, एक कुत्र्यांचे केस कापणारा, असे. त्या सगळ्यांची उठबस करायची म्हणजे लॅपटॉपवर एक काळी खिडकी उघडून पांढऱ्या अक्षरांत हुकूम लिहायचे आणि लांबच्या यंत्राने ते पाळायचे. चित्र नाही, बटण नाही, नुसता लुकलुकणारा कर्सर. जावयाला या काळ्या खिडकीचा फार अभिमान होता. जेलरसाहेबांना तिच्यात काही दिसत नसे.

"काम म्हणजे कसं," ते म्हणत, "माणूस सकाळी बाहेर पडतो आणि संध्याकाळी दमून येतो. तुम्ही बाहेरही पडत नाही आणि दमतही नाही."

त्यांच्या एका मित्राचं मोठं गोदाम होतं आणि तिथे येणाऱ्याजाणाऱ्या मालावर नजर ठेवायला माणूस हवा होता. जेलरसाहेबांनी शब्द टाकून ठेवला होता. जावई टाळत आला होता. पण घर चालायचं तर हातचं मोठं गिऱ्हाईक टिकायला हवं, हे त्यालाही कळत होतं. मोठं गिऱ्हाईक एकच होतं, बालवाडी. तेव्हा नवराबायकोत सरळ ठरलं होतं. बालवाडी गेली तर गोदाम.

आणि बालवाडीची परीक्षा आजच होती. आज अकरा वाजता तिच्या वेबसाइटवर प्रवेश सुरू व्हायचे होते. मागच्या वर्षी दुसऱ्या एका कंपनीने ते पान आपोआप उघडेल अशी सोय केली होती. ते आपोआपच उघडलं, पण आदल्या दिवशी, आणि बालवाडीच्या बाईंच्या दाराशी दोन दिवस आईबाप भांडत होते. तेव्हापासून बाईंचा आपोआपवर विश्वास नव्हता. त्यांनी जावयाला बजावलं होतं, "पान माणसाने उघडायचं. मी 'उघडा' म्हटल्यावर. पाच मिनिटं आधी नाही, पाच मिनिटं नंतर नाही. जमत नसेल तर आत्ताच सांगा, दुसरा बघते."

"जमेल," जावई म्हणाला होता. तसं ते एका ओळीचं काम होतं.

अडचण एवढीच की सर्व्हर त्याला आत घेईना.

त्याने काळ्या खिडकीत नेहमीचा हुकूम लिहिला. कर्सर लुकलुकला. लुकलुकत राहिला. मग एक ओळ उमटली: कनेक्शन टाइम्ड आउट.

"काय म्हणतंय?" जेलरसाहेबांनी विचारलं.

"काही म्हणत नाही."

"मग?"

"तेच वाईट आहे."

जेलरसाहेबांच्या काखेत टॅबलेट होता. मुलीने वाढदिवसाला घेऊन दिलेला, त्याला अजून दोन आठवडेही झाले नव्हते. जावयाने त्यावर आपल्याच सर्व्हरवरचं त्यांचं मेल लावून दिलं होतं, आणि तेव्हापासून वर्तमानपत्राच्या जागी टॅबलेट आला होता. झोपेतही तो हाताशी असे. "माझ्याकडेही आज एक मेल नाही," ते म्हणाले. "उगाच एक खिडकी वर येते आणि पासवर्ड मागते."

"टाकू नका," जावई स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाला.

"टाकतोय कशाला? तुम्हीच सांगितलंय, अशी खिडकी दिसली की समजायचं चोर आहे. मघापासून बंद करतोय."

"छान," जावई म्हणाला. त्याचं खरं तर अर्धंच लक्ष होतं.

त्याला पहिली शंका आली पहारेकऱ्याची. मागच्या आठवड्यात दाताच्या डॉक्टरांच्या मेलमध्ये कोणीतरी शिरायचा प्रयत्न केला, म्हणून त्याने सर्व्हरवर पहारेकरी म्हणून एक प्रोग्रॅम बसवला होता. नियम कडक होता. कोणीही कुठल्याही दारावर तीनदा चुकीचा पासवर्ड दिला, की तो ज्या घरच्या नेटवरून आला त्या घराला सर्व्हरची सगळीच्या सगळी दारं दिवसभर बंद. मेलचं दार बंद, वेबसाइटचं बंद, काळ्या खिडकीचंही बंद. हे त्याने जेवताना सहज सांगितलं होतं आणि जेलरसाहेबांचा घास हातातच राहिला होता.

"सूट कोणाला?"

"कोणालाच नाही."

"मलासुद्धा?"

"तुम्हालासुद्धा नाही, बाबा."

"शाब्बास. पहाऱ्यात नातं बघायचं नसतं."

लग्न झाल्यापासूनची ती पहिली शाब्बासकी होती. जावयाने ती दोन दिवस पुरवून पुरवून आठवली होती.

पण चुकीचा पासवर्ड दिला कोणी? त्याने तर दिला नव्हता. त्याच्या लॅपटॉपमध्ये पासवर्डऐवजी एक किल्ली साठवलेली होती, ती चुकणं शक्य नव्हतं. बायको कामावर. घरात उरले जेलरसाहेब, आणि ते तर पासवर्ड टाकत नव्हते, उलट खिडक्या बंद करत होते. म्हणजे पहारेकऱ्याचा दोष नाही, सर्व्हरच आजारी आहे, असं त्याने अनुमान काढलं. असल्या वेळी आत जायला सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीचं एक मागचं दार होतं. तिथे नाव टाकलं की ते मेलवर एक आकडा पाठवत. जावयाने नाव टाकलं. आकडा लगेच गेला. तो जावयाच्या मेलवर गेला, आणि जावयाचं मेल त्याच सर्व्हरवर होतं.

जेलरसाहेबांना हे समजावून सांगावं लागलं. 

"म्हणजे किल्ली आत ठेवून कुलूप लावलंत."

"तसंच म्हणायचं."

"आमच्याकडे अशा शिपायाला निलंबित करायचे."

जावयाने मोबाइल काढला. घरचं नेट रुसलं असेल तर मोबाइलचं वापरू, म्हणून त्याने त्यावरून नेट सुरू केलं आणि लॅपटॉप जोडला. हुकूम लिहायला घेतला.

"आलं वाटतं नेट," जेलरसाहेब टॅबलेटवर बोट फिरवत खुशीत म्हणाले. मागच्या रविवारी गाडीत टॅबलेट याच मोबाइलला जोडून दिलेला होता. ओळखीचं माणूस दिसताच तो आपण होऊन जोडला गेला. "नाही. परत ती चोराची खिडकी."

कनेक्शन टाइम्ड आउट.

जावयाने मोबाइल बंद करून परत सुरू केला, म्हणजे त्याला नेटवर नवा पत्ता मिळतो. या खेपेला सर्व्हरने ओ दिली, खिडकीत स्वागताची अर्धी ओळही उमटली, आणि तोंडावर दार लावावं तसं सगळं थिजलं. त्याने बालवाडीत फोन लावला.

"बाई, तुमची वेबसाइट दिसतेय का?"

"दिसतेय की. का?"

"सहज."

"आजच्या दिवशी सहज फोन करू नका," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

म्हणजे सर्व्हर जिवंत होता, ठणठणीत होता, फक्त या घराशी बोलत नव्हता. जावयाने लॅपटॉप उचलला. "बाबा, शेजारी चला. शिंपीकाकूंचं नेट वापरू."

"चला," जेलरसाहेब उठले, टॅबलेट काखेत मारला आणि बाहेर पडल्यावर दाराचं कुलूप तीनदा ओढून पाहिलं.

शिंपीकाकूंच्या घरात बसायला जागा नव्हती. खुर्च्यांवर शाळेचे गणवेश होते, पलंगावर शाळेचे गणवेश होते, आणि ज्या एका स्टुलावर नव्हते तिथे काकू स्वतः बसून मशीन चालवत होत्या. "नेट ना? घे की बापडा. पासवर्ड बटणांच्या डब्यात आहे, चिठ्ठीवर."

जावयाच्या लॅपटॉपची बॅटरी मान टाकायला आली होती आणि घरातल्या एकमेव मोकळ्या प्लगला इस्त्री होती. तो टेबलाखाली शिरून दुसरा प्लग शोधू लागला. तोवर काकूंनी डब्यातून चिठ्ठी काढून मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि ऐकायला बाहेर फक्त जेलरसाहेब होते.

"वाचा, वाचा. मी टिपतो," ते म्हणाले. आणि एका बोटाने टिपू लागले, टॅबलेटमध्ये.

जावई टेबलाखालून बाहेर आला, डोक्यावरचे दोरे झटकले, चिठ्ठी बघून नेट जोडलं आणि हुकूम लिहिला. कनेक्शन टाइम्ड आउट.

"काय रे झालं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही, काकू. तुमचं नेट जरा..."

"माझ्या नेटला काय झालं? सकाळीच तर मी साइटवर दोन ऑर्डरी बघितल्या."

पुढचा मुक्काम दाताचे डॉक्टर. दवाखाना कोपऱ्यावरच होता. डॉक्टर एका पेशंटच्या उघड्या तोंडात वाकले होते. जावयाने दारातूनच दोन मिनिटं नेट मागितलं आणि डॉक्टरांनी ड्रिलनेच बाहेरच्या बाकाकडे बोट दाखवलं. जेलरसाहेबांना इथे कोणाकडे पासवर्ड मागायचीसुद्धा गरज नव्हती. मागच्या आठवड्यात कवळी बसवायच्या निमित्ताने ते टॅबलेटसकट इथे चांगले रुळले होते. जावई लॅपटॉप उघडून स्थिरस्थावर होतो आहे तोच समोर बसलेली मदतनीस मुलगी ओरडली.

"डॉक्टर! साइट गेली! आजच्या अपॉइंटमेंट दिसत नाहीत!"

डॉक्टर मास्क खाली ओढून बाहेर आले. "आत्तापर्यंत होती ना?"

"हे येईपर्यंत होती," मुलगी म्हणाली आणि तिने जावयाकडे पाहिलं.

"मी अजून काही केलंच नाही," जावई म्हणाला.

"तेच विचारतोय," डॉक्टर म्हणाले. "मग गेली कशी?" आतून पेशंटने उघड्या तोंडाने काहीतरी विचारलं. तो प्रश्नही तोच असावा.

एवढ्यात जावयाचा फोन वाजला. शिंपीकाकू होत्या. "अरे, तू गेलास आणि माझी साइटच गेली! जाताना काही काढून घेऊन गेलास का?"

रस्त्यावर आल्यावर जावई भिंतीला टेकून उभा राहिला. जन्मभर त्याने यंत्राच्या दुखण्याला कारण असतं असं मानलं होतं. कारण सापडत नाही म्हणजे आपण नीट पाहत नाही, एवढाच अर्थ. आता मात्र तेही पटेना. सर्व्हर सगळ्या जगात चालू होता आणि तो जिथे पाऊल ठेवेल तिथे बंद पडत होता. त्याला डोळ्यांपुढे गोदाम दिसू लागलं. उंच पत्र्याचं छप्पर, खोक्यांच्या रांगा, आणि दुपारच्या डब्याच्या वेळी सगळ्यांना आपली गोष्ट सांगणारे सासऱ्यांचे मित्र.

"एक निरीक्षण मांडू का?" जेलरसाहेब म्हणाले.

"मांडा."

"आपण जिथे जातो तिथे तो पोचतो."

"कोण तो?"

"ते मला कसं ठाऊक? पण पाठलाग मी ओळखतो. माणूस घरातून मागे लागलेला आहे." त्यांनी टॅबलेट या काखेतून त्या काखेत घेतला आणि रस्त्यावर मागे पुढे नजर टाकली. रस्त्यावर एक बाई भाजी घेऊन चालली होती. त्यांनी तिला वळणापर्यंत नजरेत ठेवलं.

फोन पुन्हा वाजला. या वेळी बालवाडीच्या बाई. "कुठे आहात? मघाशी सहज फोन केलात तेव्हापासून माझं मन लागत नाहीये. तुम्ही इथे या. माझ्यासमोर बसून उघडा."

ज्याला टाळायचं त्याच्याच दारात जायची वेळ आली, म्हणजे आगीतून फुफाट्यात. पण जवळपास ओळखीचं तेवढं एकच ठिकाण असं उरलं होतं की जिथलं नेट अजून सर्व्हरशी बोलत होतं. दोघं जवळजवळ धावतच निघाले. जेलरसाहेबांचा वेग या वयातही चांगला होता.

बालवाडीच्या ऑफिसात मोठ्या माणसांसाठी एकच खुर्ची होती आणि तीत बाई बसल्या होत्या. जावयाला मुलांची खुर्ची मिळाली. तो बसला तेव्हा गुडघे कानाशी आले आणि लॅपटॉप मांडीऐवजी पोटावर ठेवावा लागला. बाईंनी आपल्या संगणकाची नेटची वायर उपसून त्याच्या हातात दिली. भिंतीवरच्या घड्याळात अकराला फारसं काही उरलं नव्हतं.

"हे कोण?" बाईंनी जेलरसाहेबांकडे बघून विचारलं.

"सासरे."

"तेही हेच काम करतात?"

"नाही," जेलरसाहेब ताठ उभे राहून म्हणाले. "मी नोकरी करत होतो."

जावयाने वायर खुपसली आणि देवाचं नाव घेऊन हुकूम लिहिला. कर्सर लुकलुकला, आणि दार उघडलं! सर्व्हरने नेहमीसारखं थंडपणे स्वागत केलं, जणू काही घडलंच नव्हतं. जावयाला रडू येईल असं वाटलं. प्रवेशाचं पान उघडायच्या आधी त्याने सवयीने सर्व्हरच्या नोंदी समोर घेतल्या. कोण आलं, कोण गेलं, कोणाला हाकललं, हे तिथे ओळीने सरकत असतं.

त्याच्या मागे भिंतीवर मुलांनी रंगवलेल्या अक्षरांत बालवाडीच्या नेटचा पासवर्ड लावलेला होता, पालकांच्या सोयीसाठी. जेलरसाहेब त्याच्यासमोर उभे राहून एकेक अक्षर टॅबलेटमध्ये उतरवत होते.

"जमलं," ते स्वतःशीच म्हणाले.

नोंदींत एक नवी ओळ सरकली. ठिकाण बालवाडी. मेल जेलरसाहेबांचं. पासवर्ड चुकीचा.

जावयाने ती ओळ वाचली. मग झपाझप वर जाऊन आधीच्या ओळी वाचल्या. घर, तीनदा चूक, बंद. मोबाइल, तीनदा चूक, बंद. पुन्हा मोबाइल. शिंपीकाकू. डॉक्टर. प्रत्येक ठिकाणी नाव तेच. सकाळचा तो संवाद त्याच्या कानात आता कुठे पोचला. एक तारीख. स्क्रूड्रायव्हर लपवला होता, पक्कड लपवली होती, पण जेलरसाहेबांनी आज मेलचं कुलूप बदललं होतं, घरच्या मोठ्या संगणकावरून, चहाच्या आधी. आणि टॅबलेटला ते कोणी सांगितलंच नव्हतं. तो बिचारा मागच्या महिन्याची किल्ली घेऊन मिनिटामिनिटाला दार ठोठावत होता. काखेत कळसा नि गावाला वळसा, ही म्हण जावयाने शाळेत कितीदा वाक्यात वापरून दाखवली होती. आज तो ती पायी चालला होता.

दुसरी ओळ सरकली. पासवर्ड चुकीचा.

आता एक ओळ आली की बालवाडीलाही दारं बंद. "बाबा," तो ओरडला, "टॅबलेट!"

"आहे, आहे माझ्याकडे," जेलरसाहेब म्हणाले आणि त्यांनी तो छातीशी घट्ट धरला.

बोलण्यात अर्थ नव्हता. जावयाने पहारेकऱ्याला झोपवायचा हुकूम लिहिला. घाईत एक अक्षर गळलं; असा कोणी पहारेकरी आमच्याकडे नाही, असं सर्व्हर म्हणाला. त्याने पुन्हा लिहिला. सर्व्हरने त्याचा स्वतःचा पासवर्ड मागितला. तो देताना त्याच्या मनात आलं की आता हा आपणच चुकवला तर सासऱ्यांना नावं ठेवायला जागा राहणार नाही. पासवर्ड बरोबर पडला. पहारेकरी झोपला. पाठोपाठ तिसरी ओळ आली, चुकीचा पासवर्ड घेऊन, आणि कोणी काही बोललं नाही म्हणून तशीच निघून गेली.

"उघडा," बाई म्हणाल्या.

जावयाने एक ओळ लिहिली आणि पान उघडलं.

पुढचा काही वेळ ऑफिसात बाईंच्या मोबाइलवर सूचना येत राहिल्याचा टुणटुण आवाज तेवढा होता. मग त्या मागे टेकल्या. "भरल्या सगळ्या जागा. एकही तक्रार नाही." त्यांनी जावयाकडे पाहिलं, तो अजून त्या छोट्या खुर्चीत अडकलेला होता. "पुढच्या वर्षीही तुम्हीच. आणि खुर्ची मी मागवून ठेवते."

जावई एकेका घरावरची बंदी उठवत होता. डॉक्टरांची, शिंपीकाकूंची, शेवटी स्वतःच्या घरची. तेवढ्यात त्याला मानेवर श्वास जाणवला. जेलरसाहेब चष्मा लावून वाकून काळी खिडकी वाचत होते. त्यांनी आजवर ती कधी वाचली नव्हती.

"हे माझं नाव इथे काय करतंय?"

 खोटं बोलायचं त्याच्या मनात नव्हतं. "बाबा, त्याचं असं झालं, की तो जो सारखा..."

"थांबा." जेलरसाहेबांनी स्क्रीनवर बोट ठेवलं आणि ते बोट ओळीओळीने खाली आणलं. "घर. मोबाइल. शिंपीण. डॉक्टर. इथे." बोट थांबलं. ते हळूहळू सरळ झाले. "प्रत्येक ठिकाणी आपल्या मागोमाग. माझ्या नावाने. आणि प्रत्येक ठिकाणी तुमच्या पहारेकऱ्याने त्याला दारातून हाकलला."

"हो, पण तो म्हणजे..."

"एकदाही आत येऊ दिला नाही."

"नाही दिला," जावई म्हणाला. हे तर अक्षरशः खरं होतं.

जेलरसाहेबांचे डोळे भरून आले होते. तुरुंगातल्या आठवणी सांगताना ते असे भरत. "जावईबापू, मला वाटायचं तुम्ही दिवसभर घरात बसून असता. तुम्ही पहाऱ्यावर असता, हे मला कोणी सांगितलंच नाही."

 जावयाला लाज वाटली. पण खरं सांगायचं तर लाज थोडी वाटली आणि बरं फार वाटलं. त्याने एवढंच केलं, की तो टॅबलेट मागितला. "हा जरा बंद करून ठेवू, बाबा."

"का?"

 "पुरावा आहे."

"बरोबर," जेलरसाहेब म्हणाले. त्यांनी टॅबलेट बंद केला, खिशातला धुतलेला रुमाल काढून त्यात गुंडाळला आणि दोन्ही हातांनी जावयाच्या स्वाधीन केला. मगच जावयाने पहारेकऱ्याला जागं केलं.

संध्याकाळी बायको घरी आली तेव्हा तिला पर्स ठेवायच्या आधी सगळी हकिगत ऐकावी लागली. हकिगतीत आता एका संशयित भाजीवालीची भर पडली होती. बायको ऐकत होती आणि मधूनमधून नवऱ्याकडे बघत होती. नवरा कोशिंबिरीसाठी काकडी चिरत होता आणि वर बघत नव्हता.

"बाबा," ती शेवटी म्हणाली, "आज एक तारीख. तुम्ही मेलचा पासवर्ड बदललात का?"

काकडी चिरणारा हात थांबला.

"बदलला की. सकाळी उठल्याबरोबर," जेलरसाहेब म्हणाले. "म्हणून तर वाचलो! त्याच्याकडे मागच्या महिन्याचा होता. आता मला सांग, मागच्या महिन्याचा पासवर्ड बाहेर गेला कसा? माझ्याशिवाय तो ठाऊक कोणाला? मी म्हणतो, घरातलंच कोणीतरी फितूर आहे."

बायकोने ओठ घट्ट मिटले. तिचे खांदे हलत होते. ती पाणी प्यायला आत गेली आणि बराच वेळ पीत राहिली.

"गोदामवाल्याला मी फोन केला," जेलरसाहेब जावयाला म्हणाले. "सांगितलं, दुसरा माणूस बघ. आमचे जावई मोकळे नाहीत."

"बाबा, खरंच..." जावई म्हणाला. तेवढ्यात त्याला टॅबलेटची आठवण झाली. आज ना उद्या तो रुमालातून बाहेर येणारच. "तो नवा पासवर्ड मला सांगता का? टॅबलेटमध्ये घालून देतो. म्हणजे मेल येईल."

जेलरसाहेबांनी त्याच्याकडे बघितलं. आता ती नजर एका पहारेकऱ्याने दुसऱ्याकडे बघावी तशी होती. "परीक्षा घेताय माझी? किल्ली कोणाला सांगायची नसते. जावयालासुद्धा नाही. आणि आज जे झालं त्यानंतर महिन्यातून एकदा बदलून भागायचं नाही. आता रोज बदलणार."

"रोज?"

"रोज सकाळी. चहाच्या आधी. आणि तुम्हीही तुमच्या बाजूने ढिलाई करू नका. आज नाव माझं वापरलं, उद्या तुमच्या बायकोचं वापरतील. कोणीही असो. पहाऱ्यात नातं बघायचं नसतं."

"नाही बघत, बाबा," जावई म्हणाला.

त्याने हात पुसले, टेबलावर लॅपटॉप उघडला आणि काळ्या खिडकीत पहारेकऱ्यासाठी एक नवी ओळ लिहिली. त्या सर्व्हरवर आता कोणालाही सूट नाही. फक्त एका सद्गृहस्थांनी रोज सकाळपासून रात्रीपर्यंत कितीही वेळा चुकीची किल्ली लावली, तरी त्यांना कोणी काही बोलत नाही.